चहाचा च आणि चाकाचा च

जालना रोडवरच्या त्या मोठ्या खासगी दवाखान्यात फोन लावला, की पलीकडून आधी सुकेशनी कोळपेचा आवाज येतो. "नमस्कार, बोला," एवढंच म्हणून ती थांबते आणि माणसाला त्याच्या वेगानं बोलू देते. दोन वाक्यांत तिला कळतं, की बोलणारा कन्नडकडचा आहे की पैठणकडचा, घाबरलाय की नुसताच चिडलाय, त्याला डॉक्टर हवाय की फक्त कुणीतरी ऐकून घेणारं. दवाखान्यातला एकूण एक अंतर्गत नंबर तिला पाठ आहे. फोन करणाऱ्याला एक गोष्ट मात्र कधीच कळत नाही. या बाईला दिसत नाही.

तिचा जन्म कन्नड तालुक्यातल्या, घाटाच्या अलीकडच्या एका वाडीतला. वडील बिरू आणि आई राजाबाई मेंढ्या राखायचे. वर्षातले सहा-सात महिने बिऱ्हाड घोड्यावर आणि पोरं पाठीला. सुकेशनी पाच वर्षांची असताना तिला गोवर आला, आणि गोवर उतरला तेव्हा डोळ्यांतला उजेडही सोबत घेऊन गेला. शहरात अंध मुलांची निवासी शाळा आहे, हे वाडीवर लस टोचायला येणाऱ्या नर्सबाईंनी सांगितलं. बिरूनं त्यावर दोन वर्षं विचार केला. मग एका जूनमध्ये लेकीला एसटीत बसवून तो शहरात घेऊन आला आणि तिला शाळेत सोडल्यावर तीन दिवस शाळेसमोरच मुक्काम ठोकून बसला. पोरगी रडली तर परत न्यायची, असं त्यानं ठरवलं होतं. ती रडली नाही. चौथ्या दिवशी तो एकटाच वाडीला गेला आणि घरी पोचल्यावर मात्र दोन दिवस नीट जेवला नाही, असं राजाबाई सांगते.

सुकेशनी बारावी झाली, ब्रेल तिच्या बोटांत मुरलं, आणि मग तिनं अंधांसाठीचा संगणकाचा अभ्यासक्रम केला. संगणकावर तेव्हा एक सॉफ्टवेअर असायचं. पडद्यावर जे काही आहे ते मोठ्यानं वाचून दाखवायचं. ते फुकट मिळायचं, इंग्रजी छान वाचायचं आणि मराठीही वाचायचं. त्याच्या जोरावर दोन हजार अकरा साली तिला दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. पुढच्या वर्षी तिनं जुना का होईना, स्वतःचा संगणक घेतला.

दोन हजार तेराचा दुष्काळ आला तेव्हा वाडीच्या विहिरी संक्रांतीलाच तळाला गेल्या. बिरू मेंढ्या घेऊन गोदाकाठाकडं सरकला आणि राजाबाई शहरात आली. धाकटा अजिनाथ चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मशिनवर होता. त्यानं दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, सुकेशनीही तिथंच राहायची. चिकलठाण्याच्या पुढं, जिथं काल-परवापर्यंत ज्वारी उभी असायची, तिथं इमारती उभ्या राहत होत्या. माणसांना चार दिवसांआड पाणी मिळायचं आणि ओल्या सिमेंटवर मारायला रोज टँकर यायचा. राजाबाई त्या बांधकामांवर विटा वाहायला जायची. जन्मभर उघड्यावर राहिलेल्या तिला शहरातल्या भिंती मानवल्या नाहीत, पण घराघरांत भिंती चढवायचं कामच तिच्या वाट्याला आलं.

एका रविवारी दुपारी ती भाजी निवडत बसली होती आणि सुकेशनी संगणकाकडून बातम्या वाचून घेत होती. बातमी दुष्काळाचीच होती. "तालुक्यात चार चारा छावण्या सुरू," असं संगणक म्हणाला. राजाबाईचा हात थांबला. तिनं ते पुन्हा लावायला सांगितलं. सुकेशनीनं पुन्हा लावलं.

"ही बाई जनावरामागं कधी गेलेली नाय," राजाबाई म्हणाली. "चाऱ्याला असं म्हणतेत व्हय? कुठली हाये ही?"

सुकेशनी हसली, पण ते वाक्य तिच्या मनातून जाईना. मराठीत लिहायचा च एकच असला तरी बोलायचे च दोन आहेत. चहा, चार, चंद्र, चिमणी यांतला एक. चाक, चारा, चूल, चोर यांतला दुसरा, जिभेचं टोक दाताला लावून काढायचा. ज आणि झ यांचंही तेच. मराठी माणूस हे आईच्या मांडीवर शिकतो आणि पुन्हा कधी त्याचा विचार करत नाही. संगणकातल्या बाईला मात्र एकच च ठाऊक होता, हिंदीतला. ती चाकही चहासारखं म्हणायची आणि चूलही. पाच हा आकडा तिला येत नव्हता, बाजार येत नव्हता, इतकंच काय, आवाज हा शब्दसुद्धा तिला धड म्हणता येत नव्हता. अभ्यासक्रमापासूनची पाच-सहा वर्षं सतत ऐकून सुकेशनीच्या कानांना त्याची सवय झाली होती. आईनं बोट ठेवलं तेव्हा तिला आठवलं, की मागं एकदा फोनवर तिच्या स्वतःच्या तोंडून आवाज हा शब्द तसाच निघाला होता आणि पलीकडचा माणूस तिच्याशी हिंदीत बोलायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं त्या सॉफ्टवेअरची माहिती सांगणारं पान उघडलं. इतक्या वर्षांत ते तिनं कधी ऐकलं नव्हतं. त्यात लिहिलं होतं, की हा आवाज कुठल्याही कंपनीचा नाही. जगभरातल्या स्वयंसेवकांनी तो आपापल्या वेळात बनवलाय. त्याच्या आतलं सगळं लिखाण कुणालाही उघडून बघता येईल, बदलता येईल, आणि बदल चांगला असेल तर तो सगळ्यांसाठी स्वीकारला जाईल. खाली एक पत्ता होता. भाषा जाणणाऱ्यांनी मदत करावी, अशी विनंती होती.

हे तिला खरंच वाटेना. एवढी मोठी गोष्ट, आणि दार उघडंच? तिनं पत्र लिहायला घेतलं. इंग्रजी तिला यायचं, पण ते शाळेतलं, मोजून-मापून बोलण्यापुरतं. पाच वेळा लिहिलं, पाच वेळा पुसलं. सहाव्या वेळी तिनं फक्त चार वाक्यं ठेवली. मी अंध आहे. मराठी माझी भाषा आहे. तुमचा मराठी आवाज हिंदीसारखा बोलतो. मला तो दुरुस्त करायचा आहे, पण मला प्रोग्रॅमिंग येत नाही. नावाखाली तिनं आपल्या तालुक्याचं नाव टाकलं आणि डोळे मिटून, म्हणजे मन घट्ट करून, पत्र पाठवून दिलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं. लिहिणाऱ्याचं नाव टॉमस. तो युरोपातल्या कुठल्याशा थंड गावात राहणारा निवृत्त रेल्वे इंजिनिअर होता आणि त्या आवाजाचं सगळं काम त्याच्या देखरेखीखाली चालायचं. त्यानं लिहिलं होतं, की आमच्यापैकी कुणालाच मराठी येत नाही. आठ वर्षांपूर्वी आम्ही हिंदीचे नियम उचलून त्यात किरकोळ फेरफार केले आणि त्याला मराठी असं नाव दिलं. आठ वर्षांत कुणी तक्रार केली नाही, म्हणून आम्हाला वाटलं, ठीकच असेल. प्रोग्रॅमिंग येत नसेल तर हरकत नाही, नियमांची फाईल साध्या अक्षरांत आहे. सोबत जोडली आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पाठवा. शेवटी त्यानं भाबडेपणानं विचारलं होतं, की तुम्ही कन्नडच्या आहात तर आमचा कन्नड आवाजही तपासाल का, त्यालाही कुणी वाली नाही. गावाचं नाव आणि दक्षिणेतल्या एका भाषेचं नाव एकच आहे, हे त्याला समजावून सांगण्यात तिची पुढची दोन पत्रं गेली. पण त्या गमतीनं तिची भीड चेपली ती चेपलीच.

फाईल उघडली तेव्हा मात्र तिचं धाबं दणाणलं. संगणक वाचायला लागला, डावा कंस, उजवा कंस, अधोरेखा, टिंब, डावा कंस. अर्धा तास ऐकूनही काही अर्थ लागेना. मग तिनं तिच्या हाताची गोष्ट केली. दवाखान्यात औषध कंपन्यांचे लोक जाड, गुळगुळीत माहितीपत्रकं टाकून जातात. डॉक्टर ती बघतही नाहीत, पण ब्रेलला तसला कागद फार उत्तम. ती गठ्ठा घरी घेऊन आली आणि पाटीवर कागद बसवून तिनं फाईलच्या पहिल्या चाळीस ओळी ठिपक्याठिपक्यानं टोचून काढल्या. बोटाखाली आल्यावर त्या ओळी बोलू लागल्या. कंसाच्या आधी काय येतं, नंतर काय येतं, आणि मधल्या अक्षराचा उच्चार कसा ठरतो, हे तिला तीन आठवड्यांत उलगडलं. कुणी शिकवलं नाही. अडलं की ती टॉमसला विचारायची आणि तो एका ओळीत उत्तर द्यायचा.

आता नियम काय लिहायचा? तिनं दिवसभर मनातल्या मनात शब्द म्हणून पाहिले. इ, ई, ए किंवा य पुढं आला, की च चहाचाच राहतो. चिमणी, चेहरा. एरवी तो चाकाचा होतो. तिला वाटलं, सापडलं. तिनं च, ज आणि झ या तिघांसाठी तसा नियम लिहिला आणि पाठवला. टॉमसनं आनंदानं तो घेतला. महिन्याभरात चाचणीसाठी नवी आवृत्ती बाहेर पडली आणि तिच्या संगणकानं पहिल्यांदा चारा नीट म्हटला. त्या दिवशी तिनं अजिनाथकडून जिलबी आणवली.

जिलबीची गोडी आठवडाभरही टिकली नाही. स्वयंसेवकांच्या सार्वजनिक पत्रव्यवहारात एक खरमरीत मराठी पत्र येऊन पडलं. लिहिणारे पैठणचे काकासाहेब जगदाळे, निवृत्त तलाठी, साखरेच्या आजारानं साठीत नजर गेलेले. त्यांनी लिहिलं होतं, की काल दुपारपासून माझ्या संगणकातलं बोलणारं घड्याळ 'त्सार वाजले' असं सांगतंय. बायको 'त्सहा' घेता का असं विचारून मला चिडवतेय. ज्या कुणी हा उद्योग केला त्यानं आधी मराठी शिकून यावं. त्यापाठोपाठ आणखी दोन तक्रारी आल्या. चंद्र बिघडला होता, जन्म बिघडला होता, जग बिघडलं होतं. सुकेशनीच्या लक्षात आलं, की नियम शहाण्यासारखा दिसत होता पण भाषा त्याला भीक घालत नव्हती. जात या एका शब्दात ती दोन्ही ज नांदवते. बाजारात जात असलेल्या माणसाचा ज वेगळा, आणि दाखल्यावरच्या जातीचा वेगळा.

दोन दिवस तिनं पत्रांची पेटी उघडलीच नाही. सगळ्या जगासमोर फजिती झाली, असं तिला वाटत होतं. आपलं काम फोन जोडून द्यायचं, ते सोडून हा नसता व्याप कुणी सांगितला होता, असंही वाटलं. राजाबाईनं विचारलं तेव्हा तिनं सगळं सांगितलं. राजाबाईला त्यातलं अर्धंमुर्धं कळलं. ती म्हणाली, की कळप चुकीच्या वावरात घुसला तर राखणदार पळून जात नाही, मालकापुढं उभा राहतो.

तिसऱ्या दिवशी सुकेशनीनं सगळ्यांना दिसेल असं पत्र टाकलं. चूक माझी आहे. मी अंधारात नियम केला आणि कुणाला न विचारता पाठवला. तो मागं घ्या. मी शब्दांची यादी करून आणते. खाली तिनं नाव, गाव आणि मराठीत एक ओळ लिहिली, काकासाहेबांची माफी मागणारी. टॉमसचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं. "नियम मागं घेतला," त्यानं लिहिलं होतं. "पण आठ वर्षांत मराठीबद्दल पहिल्यांदा तीन तक्रारी आल्या. म्हणजे वापरणारी माणसं आहेत. हे तुमच्यामुळं कळलं. यादीची वाट बघतो."

मग ती यादी सुरू झाली आणि पुढची साडेतीन वर्षं चालली.

दवाखान्याचा फोन ही तिची शाळा ठरली. फोनवरच्या माणसाचं दुखणं ती तिथंच सोडायची, त्याचा एखादा शब्द मात्र उचलून आणायची आणि सुट्टीत कागदावर टोचून ठेवायची. कागदांचे दोन गठ्ठे होते. एक चहाचा आणि एक चाकाचा. राजाबाई रविवारी समोर बसायची आणि सुकेशनी शब्द विचारायची. लेकीला नेमकं काय हवंय हे एकदा उमगल्यावर राजाबाईच शब्द आणायला लागली. बांधकामावरच्या बायकांना ती कामाच्या मधल्या वेळेत विचारायची, तुमच्यात हे कसं म्हणतेत, आणि संध्याकाळी दारातूनच सांगत यायची. त्यात एक मौज सुकेशनीच्या ध्यानात आली. रोज, बाजार, आवाज, जरा असे जे शब्द फारसी-उर्दूतून निजामाच्या काळापासून, किंवा त्याच्याही आधीपासून, मराठवाड्यात राहायला आलेत, ते जवळजवळ सगळे चाकाच्या गठ्ठ्यात जात होते. संस्कृतातून आलेले बहुतेक चहाच्या गठ्ठ्यात. तिनं हे टॉमसला कळवलं तेव्हा त्यानं लिहिलं, की हे कुठल्याही पुस्तकात शोधायला मला सुचलं नसतं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात दुष्काळ पुन्हा माथ्यावर होता. जायकवाडीचं पाणी पार मागं हटलं होतं आणि धरणाच्या उघड्या पडलेल्या पोटात जी ओल राहिली होती तिच्यावर पाच-सहा तालुक्यांतले मेंढपाळ उतरले होते. बिरूही तिथंच होता. सुकेशनीनं चार दिवसांची रजा काढली, पांढरी काठी आणि आवाज टिपून घेणारा मोबाईल घेतला आणि एकटीच पैठणच्या एसटीत बसली. फाट्यावर उतरून ती जीपनं काठापर्यंत गेली. पुढं फुटलेल्या, कडक गाळावरून बिरूनं तिला हाताला धरून तळावर नेलं. त्याच्या हाताची पकड पूर्वीपेक्षा हलकी झाली आहे, हे तिला जाणवलं.

बिरूला अजून हे काम नेमकं काय आहे ते उमगलेलं नव्हतं. जाळीच्या कुंपणात मेंढ्या बसल्यावर त्यानं विषय काढला. पगार कोण देतं, असं त्यानं विचारलं. कुणीच देत नाही, असं तिनं सांगितलं. मग साहेब कोण? साहेबही तसा नाही. एक म्हातारा आहे परदेशात, पण त्यालाही कुणी पगार देत नाही. आणखी शे-दीडशे माणसं आहेत, कुणी ब्राझीलचं, कुणी केरळचं, ज्याला जे जमतं ते तो करतो आणि झालेलं काम सगळ्यांचं होतं.

"इर्जिक हाये म्हण की," बिरू म्हणाला.

सुकेशनीला तो शब्द ऐकून किती वर्षं झाली होती. एखाद्याचं रान नांगरायचं राहिलं, की सगळ्या गावानं आपापली औतं घेऊन जायचं, एका दिवसात काम उरकायचं, आणि मालकानं फक्त जेवू घालायचं. ती इर्जिक. गेली तीन वर्षं लोकांना हा प्रकल्प काय आहे ते समजावताना तिची दमछाक व्हायची. बापानं एका शब्दात काम भागवलं. तिनं तो शब्द लगेच टिपला. त्यातला ज बोलायचा कसा, तेही बापाकडूनच दोनदा म्हणवून घेतलं.

त्या चार दिवसांत तळावरच्या बायांनी तिला शब्दांचा पूर दिला. मेंढ्यांच्या रंगांची नावं, दुधाच्या, लोकरीच्या, आजारांच्या गोष्टी, झाडं, झुडपं, चारा. एका म्हातारीनं सलग दोन तास आपल्या आयुष्याची हकिकत सांगितली आणि शेवटी विचारलं, की हे ऐकून तुझ्या पेटीतली बाई आमच्यासारखं बोलंल का. सुकेशनीनं सांगितलं, की तुमच्यासारखं नाही बोलणार, पण तुमचं बोलणं वाचताना अडखळणार नाही.

परतताना ती पैठणला उतरली आणि पत्ता विचारत काकासाहेबांच्या दारात गेली. त्यांनी आवाजावरून तिला ओळखणं शक्यच नव्हतं. तिनं नाव सांगितलं तेव्हा ते एकदम गडबडले, बसायला सांगितलं, आणि त्यांच्या पत्नीनं आतून विचारलं, की चहा देऊ की त्सहा. तिघंही मनापासून हसले. तलाठी म्हणून काकासाहेबांची सारी नोकरी कागद वाचण्यात गेली होती. नजर गेल्यावर दोन वर्षं ते कुणाशी बोलले नव्हते. नातवानं हे सॉफ्टवेअर बसवून दिल्यावर ते पुन्हा रोजचा पेपर वाचायला लागले. म्हणूनच घड्याळ बिघडलं तेव्हा त्यांना एवढा राग आला होता. निघताना त्यांनी तिच्याकडून एक काम मागून घेतलं. रोज सकाळी अख्खा पेपर संगणकाकडून वाचून घ्यायचा, चुकलेले शब्द लिहून काढायचे आणि दुपारी फोन करायचा.

त्यांनी हे काम तलाठ्याच्या चोखपणानं केलं. दुसरी मोठी चूक त्यांनीच पकडली. आपण झालं, केलं, इथं, तिथं असं लिहितो, त्यातल्या शेवटच्या टिंबाचा संगणक म करत होता. झालम, केलम, इथम. सुकेशनीच्या कानाला त्याचीही सवय झालेली होती. काकासाहेब आणि राजाबाई यांचं मात्र जमायचं नाही. काही शब्द काकासाहेब एका तऱ्हेनं म्हणायचे आणि राजाबाई दुसऱ्या. काकासाहेबांचं म्हणणं, शाळेत शिकवतात ते खरं. सुकेशनीनं त्यावर एक रीत बसवली. वाद झाला, की पाच वेगवेगळ्या भागांतल्या पाच माणसांना कशासाठी ते न सांगता तो शब्द बोलायला लावायचा, आणि बहुमत होईल ते घ्यायचं. काकासाहेब एकदा हरले, एकदा जिंकले, आणि मग त्यांना ती रीत आवडू लागली.

दोन हजार सतराच्या सुरुवातीला यादी पुरी झाली. सहा हजार दोनशे शब्द. या वेळी तिनं आधी सगळ्यांना ऐकवलं, महिनाभर तक्रारी मागवल्या, आणि मगच पाठवलं. नवी आवृत्ती निघाली तेव्हा काम करणाऱ्यांची नावंही तिच्यात दिली गेली. मराठीच्या पुढं सुकेशनी कोळपे, काकासाहेब जगदाळे आणि राजाबाई कोळपे अशी तीन नावं होती. राजाबाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. संगणकानं तिचं नाव वाचलं तेव्हा ती ज कडं कान देऊन बसली होती, नावाकडं नाही. मग बातम्या लागल्या. त्यात कुठल्याशा नव्या टाकीची बातमी होती, आपल्या भागात पाणी कधी येणार यावर राजाबाई तावातावानं बोलायला लागली. आवाजाबद्दल तिनं चकार शब्द काढला नाही. सुकेशनी म्हणते, तिला मिळालेलं सगळ्यात मोठं शाबासकीपत्र तेच.

पुढं दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात टॉमसनं कळवलं, की वय झालं, आता एकट्यानं सगळं सांभाळणं होत नाही. कामं वाटून घ्यायला हवीत. त्यासाठी इंटरनेटवर एक बैठक ठरली. अकरा देशांतले पंचवीस-तीस स्वयंसेवक. सुकेशनी दवाखान्यातल्या दुपारच्या सुट्टीत, डोक्याला नेहमीचाच हेडफोन लावून बसली. एवढी वर्षं तिनं इंग्रजी लिहिलं होतं, परक्या माणसांसमोर बोललं कधीच नव्हतं. भारतातल्या सगळ्या भाषांच्या तक्रारी आता कुणी बघायच्या, असा प्रश्न आला, तेव्हा टॉमसनं तिचं नाव घेतलं. दोन-तीन जणांनी दुजोरा दिला. तिला उत्तर विचारण्यात आलं.

ती लगेच हो म्हणाली नाही. तिनं सांगितलं, की माझी एक अट आहे. पहिलं पत्र लिहिताना मला ते पाच वेळा पुसावं लागलं होतं, कारण ते इंग्रजीत लिहायचं होतं. काकासाहेब रागावले म्हणून मराठीत लिहिते झाले. जे रागावले नाहीत ते आठ वर्षं गप्पच बसले. इथून पुढं ज्याची जी भाषा असेल तीत तक्रार लिहिता आली पाहिजे, लिहिता येत नसेल तर बोलून पाठवता आली पाहिजे. भाषांतराची माणसं मी शोधते.

तिची वाक्यं तुटक होती, एक-दोन ठिकाणी व्याकरण घसरलं. मग केरळच्या एका स्वयंसेवकानं मल्याळमचं भाषांतर मी करतो असं सांगितलं. बंगालीसाठी एक बाई पुढं आली. टॉमस म्हणाला, की ही अट पंधरा वर्षांपूर्वीच कुणीतरी घालायला हवी होती. ठराव झाला. सुट्टी संपली होती. दवाखान्याचा फोन वाजत होता, तिनं हेडफोनची वायर बदलली आणि तो उचलला.

पहिल्या महिन्यात चौदा तक्रारी आल्या, सात भाषांत. त्यातली एक बोलून पाठवलेली होती, बीड जिल्ह्यातल्या एका बाईची. मागं शेळ्या ओरडत होत्या, बहुतेक गोठ्यात उभं राहूनच बोलली असावी. तिचं म्हणणं होतं, की संगणक माझ्या लेकीच्या शाळेचं नाव चुकीचं वाचतो आणि लेक त्यावरून रुसते. सुकेशनीनं ती तक्रार दोनदा ऐकली. मग तिला क्रमांक दिला, बाईच्या नंबरवर फोन लावला आणि शाळेचं नाव गावात कसं म्हणतात, ते तिच्याकडून सावकाश म्हणवून घेतलं.